आवाजाचें माप

बाजारांत धान्य घेतांना मनुष्य तराजूच्या कांट्याकडे पाहतो, कापड घेतांना पट्टीकडे पाहतो आणि दूध घेतांना मापाकडे पाहतो. मापांत खोट असेल तर आपलें नुकसान होतें हें लहान मुलालाहि समजतें. म्हणूनच वजनांमापांवर सरकारी शिक्का असावा अशी व्यवस्था फार पूर्वींपासून चालत आली आहे. आवाजाच्या बाबतींत मात्र ही सावधगिरी सहसा कोणी बाळगीत नाहीं. अमुक ठिकाणीं इतके डेसिबल आवाज झाला, अशी बातमी वर्तमानपत्रांत येते. वाचणारा ती वाचून हळहळतो किंवा पान उलटतो. तो आंकडा कोणत्या तराजूंत तोलला, तो तराजू कोठें टांगला होता आणि तोलण्याचें काम किती वेळ चाललें होतें, हे प्रश्न त्याच्या मनांत येत नाहींत. वास्तविक शहरांत राहणाऱ्या कुटुंबाची झोंप, मुलांचा अभ्यास आणि आजाऱ्याची विश्रांति हीं सर्व या प्रश्नांच्या उत्तरांवरच अवलंबून असतात.

एक कल्पित उदाहरण डोळ्यांपुढें आणावें. मध्यम वस्तींतील एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक कुटुंब राहतें. घरांतील आजीबाई शस्त्रक्रियेनंतर इस्पितळांतून नुकत्याच घरीं आल्या आहेत. नातू दहावीच्या परीक्षेचा अभ्यास करीत आहे. समोरच्या मैदानांत मांडव पडला आहे आणि संध्याकाळीं सहापासून तेथें ध्वनिक्षेपक चालू आहेत. गाण्याचे शब्द वर नीट ऐकूं येत नाहींत. ऐकूं येतो तो नुसता ठोका. त्या ठोक्याबरोबर आजीबाईंच्या खाटेजवळचें पाण्याचें भांडें थरथरतें. अखेर घरधनी पोलिसांस दूरध्वनि करतो. अंमलदार येतात, मैदानाच्या कडेला उभे राहून यंत्र धरतात, आंकडा पाहतात आणि सांगतात, “बासष्ट. नियमाच्या आंत आहे.” घरधनी जिना चढून वर येतो. भांडें थरथरतच असतें.

या प्रसंगांत कोणी लबाडी केली असें समजण्याचें कारण नाहीं. यंत्र खरें बोललें, अंमलदार खरें बोलले आणि आजीबाईंचा त्रासहि खरा आहे. मग हीं तीन सत्यें एकमेकांशीं जुळत कां नाहींत?

याचें उत्तर मिळण्यासाठीं आवाज मोजण्याची कल्पना कायद्यांत कशी शिरली हें प्रथम पाहिलें पाहिजे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या होती. ज्या कृत्यानें सर्वसाधारण लोकांना इजा, धोका किंवा त्रास पोंचतो तें कृत्य उपद्रव होय, असा तिचा थोडक्यांत आशय. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली, तरी उपद्रवाची ही कल्पना तींत कायम आहे. या व्याख्येंत आंकडा कोठेंहि नाहीं. त्रास झाला किंवा नाहीं हें साक्षीदारांच्या तोंडून ऐकून न्यायाधीशानें ठरवावयाचें असतें. ही रीति माणुसकीला धरून आहे, कारण तिनें मनुष्याचा त्रास हाच मुख्य मानला. परंतु तींत एक मोठी अडचण आहे. एकाचा त्रास तो दुसऱ्याचा आनंद असतो, आणि तिसऱ्याचा तो धंदा असतो. तांबटाला स्वतःच्या हातोडीचा आवाज ऐकूं येत नाहीं, आणि त्याच्या शेजाऱ्याला दुसरें कांहींच ऐकूं येत नाहीं. दोघेहि शपथेवर खरेंच बोलतात. अशा वेळीं कोणाच्याच बाजूचा नसलेला असा एखादा तिसरा कान असावा, असें वाटणें स्वाभाविक होतें.

हा तिसरा कान दूरध्वनीच्या कारखान्यांतून आला. अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेंतील अभियंत्यांना तारेंतून जातांना आवाज किती क्षीण होतो हें मोजावयाचें होतें. त्यासाठीं १९२० नंतरच्या दशकांत त्यांनीं जें परिमाण योजिलें, त्याला दूरध्वनीचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याच्या स्मरणार्थ ‘बेल’ हें नांव मिळालें. बेलचा दहावा हिस्सा तो डेसिबल. पुढें १९२९ मध्यें न्यूयॉर्क शहरानें गोंगाट निवारणासाठीं एक मंडळ नेमलें. त्या मंडळानें एका मोटारींत यंत्रें बसवून ती शहरभर हिंडविली, रस्त्यारस्त्यांवरचा आवाज डेसिबलांत मोजला आणि १९३० मध्यें आपला अहवाल प्रसिद्ध केला. तारेंतील बोलणें मोजण्यासाठीं निघालेलें माप अशा रीतीनें रस्त्यावर आलें, आणि पुढें जगांतील शहरांच्या नियमांत जाऊन बसलें.

या मापाचें गणित कापडाच्या पट्टीसारखें सरळ नाहीं, आणि तें समजल्यावांचून पुढचें कांहींच समजणार नाहीं. तरुण व निरोगी कानाला जो अगदीं क्षीण आवाज जेमतेम ऐकूं येतो, तेथें या पट्टीचें शून्य धरलें आहे. तेथून दर दहा डेसिबलांस ध्वनीची शक्ति दहापट होते. वीस डेसिबलांस शंभरपट, तीस डेसिबलांस हजारपट. म्हणून साठ डेसिबलांचा एक कर्णा वाजत असतां तसाच दुसरा कर्णा शेजारीं लावला, तर आवाज एकशें वीस होत नाहीं. तो त्रेसष्ट होतो. तसेच दहा कर्णे एकत्र वाजले म्हणजे सत्तर. मनुष्याच्या कानाला मात्र दहा डेसिबलांची वाढ साधारणपणें दुपटीसारखी वाटते. तेव्हां नियमांत जेथें जेथें ‘दहा डेसिबल अधिक’ असे शब्द येतील, तेथें एका कर्ण्याच्या जागीं दहा कर्णे उभे राहिले, असें वाचावें.

आतां आपल्या देशांतील नियमांकडे वळूं. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालीं १४ फेब्रुवारी २००० रोजीं ध्वनिप्रदूषणाचे नियम प्रसिद्ध झाले. मुंबई, पुणें, नागपूर अशा आपल्या शहरांना आज हेच नियम लागू आहेत. त्यांत शहराच्या जागेचे चार वर्ग केले आहेत. औद्योगिक क्षेत्रांत दिवसां ७५ व रात्रीं ७०, व्यापारी क्षेत्रांत दिवसां ६५ व रात्रीं ५५, निवासी क्षेत्रांत दिवसां ५५ व रात्रीं ४५, आणि शांतता क्षेत्रांत दिवसां ५० व रात्रीं ४० डेसिबल, अशा मर्यादा आहेत. सकाळीं सहापासून रात्रीं दहापर्यंत दिवस, आणि रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत रात्र, असें धरलें आहे. कोष्टक सुटसुटीत आहे. शाळेंतील मुलगाहि तें पाठ म्हणूं शकेल. परंतु कोष्टकाचा खरा अर्थ त्याच्याखालीं लहान अक्षरांत दिलेल्या टीपांत असतो.

आपल्या उदाहरणांतील आजीबाईंचें घर निवासी क्षेत्रांत आहे. तेथील दिवसाची मर्यादा ५५. मग ६२ हा आंकडा नियमाच्या आंत कसा? याचें कारण असें कीं, सार्वजनिक जागेंत ध्वनिक्षेपक लावला असतां त्या जागेच्या हद्दीवर क्षेत्राच्या मर्यादेहून दहा डेसिबल अधिक, किंवा ७५, यांपैकीं जें कमी असेल तितका आवाज नियमाला चालतो. निवासी क्षेत्रांत हा हिशेब ६५ वर येतो. खासगी जागेंतील ध्वनियंत्रांना हद्दीवर पांच डेसिबलांची सवलत आहे. शिवाय नागरिकाला तक्रारीचा जो हक्क नियमांनीं दिला आहे, तोहि आवाज मर्यादेहून दहा डेसिबलांनीं किंवा अधिक वाढला असतां वापरावयाचा आहे. कोष्टकांतील ५५ हा आंकडा अशा रीतीनें व्यवहारांत ६५ होतो; आणि वर सांगितलेल्या गणितानें पाहतां हा फरक दहापट शक्तीचा आहे.

घर कोणत्या क्षेत्रांत मोडतें हा प्रश्नहि वाटतो तितका सोपा नाहीं. आपल्या शहरांत खालीं दुकानें आणि वर बिऱ्हाडें अशा इमारती हजारों आहेत. अशा संमिश्र भागाला चार वर्गांपैकीं कोणत्याहि एका वर्गांत घालण्याचा अधिकार नियमांनीं अधिकाऱ्यांस दिला आहे. तो भाग व्यापारी ठरला, तर वरच्या बिऱ्हाडांतील झोंपेची मर्यादा एका सहीनें दहा डेसिबलांनीं वर जाते. शांतता क्षेत्राची गोष्टहि अशीच आहे. इस्पितळें, शिक्षणसंस्था व न्यायालयें यांच्या भोंवतालचा निदान शंभर मीटरांचा भाग हा शांततेचा, अशी कल्पना लोकांच्या मनांत रुजली होती. ऑगस्ट २०१७ मध्यें नियमांत दुरुस्ती झाली, आणि राज्य सरकारनें विशेषेंकरून घोषित केल्यावांचून कोणतीहि जागा शांतता क्षेत्रांत मोडणार नाहीं असें ठरलें. इस्पितळ तेंच, रुग्ण तेच आणि रस्ताहि तोच. पण दाराशीं शांतता आहे कीं नाहीं हें आतां राजपत्र पाहून ठरवावयाचें. आजीबाईंची स्थिति याहून चमत्कारिक आहे. घोषित क्षेत्रांतील इस्पितळांत त्या निजून होत्या तोंवर कायदा त्यांना आजारी समजत होता. घरीं येतांच त्या इतरांसारख्या रहिवासी झाल्या. त्यांची जखम मात्र इस्पितळांत राहिली नाहीं, ती त्यांच्याबरोबर घरीं आली.

यानंतरचा प्रश्न यंत्र कोठें उभें करावें हा. मोकळ्या जागेंत लहानशा उगमापासून अंतर दुप्पट केलें कीं आवाज सुमारें सहा डेसिबलांनीं उतरतो. दहा पावलांवर एक आंकडा, वीस पावलांवर दुसरा. भिंतीला लागून यंत्र धरलें तर भिंतीवरून परत येणाऱ्या लाटेमुळें सहा डेसिबलांपर्यंत भर पडते. दोहों बाजूंस उंच इमारती असलेल्या गल्लींत आवाज परावर्तन पावून कोंडतो, आणि उघड्या मैदानाचें गणित तेथें लागू पडत नाहीं. आपल्या नियमानें ध्वनिक्षेपकासाठीं जागेची हद्द हें स्थान निवडलें आहे. त्यांत सोय मोठी आहे. अंमलदाराला कोणाच्या घरांत शिरावें लागत नाहीं, आणि उगमाचा दोष उगमापाशींच धरतां येतो. परंतु मनुष्य मैदानाच्या हद्दीवर झोंपत नाहीं. तो बंद खिडकीच्या आंत झोंपतो. आणि बंद खिडकी सर्व आवाजांना सारखी अडवीत नाहीं. बारीक, तीव्र सूर कांचेवर बऱ्याच अंशीं थोपतात. खर्जाचा जाड आवाज कांच आणि भिंत यांतून आंत येतो. आजीबाईंना गाण्याचे शब्द ऐकूं येत नव्हते आणि ठोका तेवढा येत होता, त्याचें कारण हेंच.

येथेंच तराजूचा प्रश्न उभा राहतो. नियमांतील डेसिबल साधे नाहींत. ते ‘ए’ पट्टीवरचे डेसिबल आहेत. मनुष्याचा कान सर्व सूर सारख्या तत्परतेनें ऐकत नाहीं. सेकंदाला हजार ते चार हजार कंपनें असलेल्या सुरांना तो फार तीक्ष्ण असतो, आणि खर्जाच्या सुरांना पुष्कळच मंद असतो. फ्लेचर व मन्सन या शास्त्रज्ञांनीं १९३३ मध्यें या गुणाचे आलेख प्रसिद्ध केले, आणि पुढें यंत्रानेंहि कानाप्रमाणेंच ऐकावें म्हणून ‘ए’ पट्टी तयार झाली. ती हजार कंपनांच्या सुरांतून कांहींच वजा करीत नाहीं. शंभर कंपनांच्या सुरांतून सुमारें १९, त्रेसष्ट कंपनांच्या सुरांतून सुमारें २६ आणि पन्नास कंपनांच्या सुरांतून सुमारें ३० डेसिबल वजा करते. हवेंत ८० डेसिबलांचा त्रेसष्ट कंपनांचा घुमारा चालू असला, तर ‘ए’ पट्टी ५४ असा आंकडा दाखविते, आणि तो निवासी क्षेत्राच्या मर्यादेंत बसतो. त्याच जागीं ‘सी’ नांवाची दुसरी पट्टी लावली, तर एक डेसिबलहि पुरता वजा होत नाहीं. यंत्र ७९ दाखवितें.

यावरून ‘ए’ पट्टी खोटी आहे असा अर्थ श्रोत्यांनीं काढूं नये. बोलणें, रहदारी, यंत्रांची घरघर यांच्या मापनाला ती चांगली उपयोगी पडते, आणि म्हणूनच ती सर्वत्र रूढ झाली. परंतु हळू आवाज ऐकतांना कानाची जी स्थिति असते, तीवरून ती पट्टी आंखलेली आहे. आवाज मोठा झाला म्हणजे कानाचा हा मंदपणा कमी होत जातो आणि खर्ज त्याला अधिक ऐकूं येऊं लागतो. शिवाय खर्ज नुसता कानांनीं ऐकला जात नाहीं, तो छातीला, खाटेला आणि तावदानांनाहि जाणवतो. हल्लींच्या मिरवणुकींतील डीजेच्या भिंतींत याच खर्जाचा भरणा असतो. ज्या सुरांनीं घर हादरतें, नेमक्या त्याच सुरांत आपला सरकारी तराजू सर्वांत मोठी सूट देतो.

आतां उरला वेळेचा प्रश्न. नियमांतील आंकडा क्षणाचा नसून सरासरीचा आहे. एका ठराविक कालावधींतील ध्वनिशक्तीची ती सरासरी आहे, असें टीपेंत म्हटलें आहे. परंतु तो कालावधि किती मिनिटांचा हें त्या व्याख्येंत सांगितलेलें नाहीं. संपूर्ण रात्र हा कालावधि धरला तर काय होतें तें एका साध्या हिशेबानें दिसेल. गल्ली शांत आहे. आठहि तास आवाज ४० डेसिबल आहे. पहाटे तीन वाजतां एका मोटारीचा भोंगा खिडकीशीं ८५ डेसिबलांनीं एक सेकंद वाजतो. साऱ्या आळींतील माणसें जागीं होतात, तान्हीं मुलें रडूं लागतात. सकाळीं हिशेब केला तर त्या रात्रीची सरासरी ४३ येते. मर्यादा ४५ ची असल्यामुळें ती रात्र कागदोपत्रीं शांत ठरते. दिवसाचेंहि तसेंच. सोळा तासांपैकीं सहा मिनिटें ७५ डेसिबल आणि बाकीचा सर्व वेळ ५० डेसिबल असला, तर सरासरी ५५ च्या आंत राहते. सरासरीला शक्तीची बेरीज कळते. झोंप किती वेळां मोडली हें तिला कळत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९९ मध्यें निजण्याच्या खोलीसाठीं दोन निरनिराळे आंकडे सुचविले त्याचें कारण हेंच: रात्रीची सरासरी ३०, आणि कोणताहि एक सुटा आवाज ४५ हून अधिक नसावा.

आपल्या नियमकर्त्यांना या गोष्टी ठाऊक नाहींत असें नाहीं, याचा पुरावा फटाक्यांच्या नियमांत आहे. १९९९ मध्यें ठरलेल्या त्या नियमाप्रमाणें फटाका फुटतो तेथून चार मीटरांवर १२५ डेसिबल, किंवा ‘सी’ पट्टीवरील क्षणिक शिखर १४५ डेसिबल, याहून अधिक आवाजाचा फटाका बनवितां किंवा विकतां येत नाहीं. तेथें अंतर मीटरांत बांधून दिलें आहे, क्षणाचा आवाज मोजला आहे, आणि खर्जाला सूट न देणारी पट्टीहि घेतली आहे. म्हणजे फटाक्याच्या बाबतींत कायद्यानें कोठें, किती वेळ व कोणत्या पट्टीनें हे तीनहि प्रश्न विचारले आणि त्यांचीं नेमकीं उत्तरें दिलीं. जें सुतळीबाँबसाठीं करतां आलें तें डीजेच्या ठोक्यासाठीं करतां येणार नाहीं, असें कोण म्हणेल?

ज्या न्यूयॉर्कनें प्रथम मोटार हिंडवून गोंगाट मोजला, त्या शहरानें नंतरच्या अनुभवावरून काय केलें हेंहि पाहण्यासारखें आहे. तेथील नवा ध्वनिकायदा २००५ मध्यें मंजूर झाला आणि २००७ मध्यें अमलांत आला. उपाहारगृहें व मद्यगृहें यांतील संगीताचें मापन तेथें शेजाऱ्याच्या घरांत करावयाचें असतें. ‘ए’ पट्टीवर ४२ ही मर्यादा आहे. शिवाय त्रेसष्टपासून पांचशें कंपनांपर्यंतच्या प्रत्येक अरुंद पट्ट्यांत ४५ ही निराळी मर्यादा आहे, आणि त्यामुळें खर्ज निसटूं शकत नाहीं. त्याच कायद्यांत कांहीं ठिकाणीं आंकड्याचा नादच सोडला आहे. कुत्रें दिवसां दहा मिनिटें किंवा रात्रीं पांच मिनिटें सारखें भुंकत राहिलें, तर मालक दोषी. आइस्क्रीम विकणाऱ्या गाडीनें धांवत असतांना घंटेचें गाणें वाजवावें, उभी राहिल्यावर बंद करावें. हे नियम पाळले जातात किंवा नाहीं हें पाहण्यास एक घड्याळ आणि दोन डोळे पुरेत. अर्थात् तेथील रीतींतहि अडचणी आहेत. शेजाऱ्याच्या घरांत आवाज मोजावयाचा तर आवाज चालू असतांनाच अधिकारी तेथें पोंचला पाहिजे, आणि तो पोंचेपर्यंत पुष्कळदां संगीत थांबलेलें असतें.

घड्याळाचा हा गुण आपल्याकडेहि दिसून आला आहे. रात्रीं दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवूं नये, हा नियम आज शहरांतील प्रत्येकाला तोंडपाठ आहे. सण-उत्सवांच्या निमित्तानें वर्षांतून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. तें सोडलें तर दहा म्हणजे दहा. सर्वोच्च न्यायालयानें जुलै २००५ च्या आपल्या निकालांत रात्रीच्या या बंदीवर भर दिला. पंचावन्न आणि पंचेचाळीस हे आंकडे किती लोकांना ठाऊक आहेत? पण ‘दहा वाजले, बंद करा’ असें चाळींतला पोरगाहि सांगतो. घड्याळ प्रत्येकाच्या भिंतीवर असतें, ध्वनिमापक कोणाच्याच घरांत नसतो. जो नियम सामान्य मनुष्याला स्वतः पडताळून पाहतां येतो, त्याचा धाक सर्वांना राहतो.

तथापि, दिवसाच्या सोळा तासांसाठीं मोजल्यावांचून गत्यंतर नाहीं. म्हणून तें मोजणें शुद्ध असावें. ध्वनिमापकाची परीक्षा घेण्यासाठीं एक लहानसें साधन असतें. तें ९४ डेसिबलांचा ठराविक सूर काढतें. मापनापूर्वीं व मापनानंतर यंत्रानें तो सूर ९४ च दाखविला पाहिजे. यंत्र जमिनीपासून सुमारें सव्वा ते दीड मीटर उंच धरावें, भिंतीपासून दूर असावें, आणि वाऱ्याची सळसळ मोजली जाऊं नये म्हणून त्याच्या तोंडावर स्पंजाची टोपी असावी. उगम चालू असतांना एकदां आणि बंद असतांना एकदां असें दोनदां मापन करावें. नाहीं तर रस्त्याच्या रहदारीचें पाप मांडवाच्या माथीं आणि मांडवाचें पाप रहदारीच्या माथीं जातें. भ्रमणध्वनीवर आवाज मोजण्याच्या ज्या सोयी आज मिळतात, त्या केवळ अंदाजापुरत्या समजाव्या. भ्रमणध्वनीचा कान मनुष्याच्या बोलण्यासाठीं घडविलेला आहे. खर्ज तो नीट ऐकत नाहीं.

मग आजीबाईंच्या घरधन्यानें काय करावें? त्यानें आपली तक्रार आंकड्याच्या भाषेंत मांडण्यास शिकावें. आवाज किती वाजतां सुरू झाला, किती वेळ चालला, खिडकी उघडी होती कीं बंद, शब्द ऐकूं येत होते कीं नुसता ठोका, हें तारीखवार वहींत लिहून ठेवावें. अंमलदार आले म्हणजे नम्रपणें विचारावें: ही जागा कोणत्या क्षेत्रांत घोषित आहे? मापन हद्दीवर झालें कीं खिडकीशीं? यंत्रावर कोणती पट्टी लावली होती? सरासरी किती मिनिटांची? त्याच जागीं ‘सी’ पट्टीवरील आंकडाहि घेऊन लिहून ठेवतां येईल काय? नियमांत आज त्या आंकड्याला जागा नसेल. पण दोन आंकड्यांतील वीस-पंचवीस डेसिबलांची तफावत एकदां सरकारी कागदावर आली, म्हणजे भांडें कां थरथरतें हें पुन्हां समजावून सांगावें लागणार नाहीं. अशा नोंदी एका घरांतून गेल्या तर कदाचित् फायलींत पडतील. एका वॉर्डांतील शंभर घरांतून गेल्या, तर नगरसेवकाला आणि आमदाराला त्यांचें उत्तर द्यावें लागेल. नियम मनुष्यांनीं केलेले आहेत. २००० सालीं झालेले हे नियम त्यानंतर एकाहून अधिक वेळां बदलले आहेत, आणि पुढेंहि बदलतां येतील.

वाण्याच्या दुकानांत शेराच्या जागीं किलो आला, तेव्हां लोकांनीं नवीं वजनें हातांत घेऊन पाहिलीं, जुन्या मापाशीं ताडून पाहिलीं आणि मगच त्यांवर विश्वास ठेवला. आवाजाचें माप शहरांत येऊन इतकीं वर्षें झालीं, पण तें अजून घरांत आलेलें नाहीं. रात्रीचे दहा वाजतात, मैदान शांत होतें, आजीबाईंच्या उशाजवळचें पाणी स्थिर होतें, आणि नातू दिवा मालवण्यापूर्वीं आणखी एक धडा वाचून काढतो. संध्याकाळचे सहा ते रात्रीचे दहा हे चार तास मात्र उद्यां पुन्हां येणार आहेत.